पाण्यात अडकलेल्या मालवाहू ट्रकचे इंजिन : दोषनिदानाची क्रमवार पद्धत

प्रस्तावना

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे भिलाईच्या उत्तरेस वसलेले नगर आहे. एका बाजूस भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणी, जवळच जामुलचा सिमेंट कारखाना आणि दुसऱ्या बाजूस टोमॅटो व इतर भाजीपाल्यासाठी ओळखला जाणारा धमधा परिसर, अशी या भागाची रचना आहे. त्यामुळे येथील रस्त्यांवर खाणीचे डंपर, धानाची पोती वाहणारे ट्रक आणि पहाटे भाजी घेऊन निघणारी छोटी मालवाहू वाहने एकत्रच धावतात. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागात उगम पावणारी शिवनाथ नदी याच जिल्ह्यातून वाहते. पावसाळ्यात तिला मिळणारे नाले फुगतात, तेव्हा सखल पूल पाण्याखाली जातात. या सखल पुलांना छत्तीसगडमध्ये ‘रपटा’ म्हणतात.

शेतातून माल उचलताना ट्रकला डांबरी रस्ता सोडावाच लागतो. बांधालगतची वाट, खाचराचे तोंड, नाल्याचा उतार ही ठिकाणे जुलै-ऑगस्टमध्ये फसवी होतात. वरून गुडघाभर दिसणारे पाणी प्रत्यक्षात कमरेइतके निघते, ट्रक मध्यावर आचका देऊन बंद पडतो आणि मागे टोमॅटोचे क्रेट तसेच राहतात. अशा वेळी सर्वप्रथम गावातील जाणत्या शेतकऱ्याला किंवा विस्तार कार्यकर्त्याला बोलावले जाते. मेकॅनिक नंतर येतो. त्या पहिल्या तासात काय करायचे आणि काय टाळायचे, हे ठाऊक असेल तर इंजिन वाचते. ते ठाऊक नसेल तर केवळ तेल व फिल्टर बदलून भागणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

विदर्भातील गोंदिया, भंडारा व गडचिरोली या धान उत्पादक जिल्ह्यांतही स्थिती वेगळी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा काठ आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड येथे आलेल्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. म्हणून प्रस्तुत लेखातील पद्धत अहिवाऱ्याच्या संदर्भात मांडली असली तरी ती सर्व पूरप्रवण भागांना लागू पडते. ट्रॅक्टर व छोट्या मालवाहू वाहनांनाही मूळ तत्त्व तेच आहे.

मुख्य सूत्र : बंद पडलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नये

डिझेल इंजिनात हवा दाबली जाते, दाबामुळे ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. हवा दाबता येते, पाणी मात्र जवळजवळ दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले आणि पिस्टन वर येऊ लागला की त्याला मध्येच थांबावे लागते. पिस्टन थांबला तरी क्रँक फिरत राहू पाहते आणि सर्व ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, प्रसंगी तुटून ब्लॉकला भोक पाडतो. या प्रकाराला ‘हायड्रो लॉक’ म्हणतात.

यासाठी किती पाणी पुरते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा सिलिंडरचे ६ लिटर क्षमतेचे इंजिन घेऊ. एका सिलिंडरचा वाटा १ लिटर, म्हणजे १,००० मि.लि. संपीडन गुणोत्तर १७:१ धरल्यास पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा १,००० भागिले १६, म्हणजे सुमारे ६२ मि.लि. एवढीच असते. कटिंग चहाच्या लहानशा ग्लासात मावेल इतके पाणी एका सिलिंडरमध्ये राहिले, तरी पिस्टनचा मार्ग अडतो.

‘सेल्फची ताकद ती किती, तिने रॉड कसा वाकेल?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सेल्फचे लहान दातचक्र फ्लायव्हीलच्या मोठ्या दातचक्राला फिरवते, त्यामुळे जोर अनेक पटींनी वाढतो. शिवाय पिस्टन वरच्या टोकाजवळ असताना क्रँकची तरफ फार प्रभावी ठरते. थोड्या फिरण्याने प्रचंड दाब निर्माण होतो. म्हणून पाण्यात बंद पडताना सुखरूप राहिलेले इंजिन नंतरच्या दोन-तीन सेल्फमध्ये मोडू शकते. दुसऱ्या ट्रकने ओढत गिअरमध्ये टाकून चालू करण्याचा प्रयत्न याहून घातक आहे, कारण तेथे चाकांचा संपूर्ण जोर इंजिनावर येतो.

उदाहरणादाखल दोन ट्रकांची कल्पना करू. दोन्ही एकाच नाल्यात, सारख्याच पाण्यात बंद पडले. पहिल्याच्या चालकाने चावी काढली, बॅटरीची तार सोडली आणि वाहन ओढून बाहेर आणले. दुसऱ्याच्या चालकाने माल नासेल या काळजीने चार वेळा सेल्फ मारला; चौथ्या वेळी ‘ठक्’ असा आवाज होऊन इंजिन जागीच अडकले. पहिल्या ट्रकचे काम सफाई, तेल व फिल्टर यांवर निभावू शकते. दुसऱ्याचे इंजिन उघडावे लागेल. दोघांच्या इंजिनात शिरलेले पाणी सारखेच होते.

घटनास्थळी करावयाची कामे

१. माणसे आधी सुरक्षित स्थळी न्यावीत. वाहत्या पाण्यात ट्रक स्थिर राहील असे गृहीत धरू नये. पाणी वाढत असल्यास वाहन सोडून द्यावे.

२. चावी बंद करावी. शक्य होताच बॅटरीची ऋण (निगेटिव्ह) तार सोडावी. ओल्या जोडण्यांतून वीजप्रवाह चालू राहिला तर धातूचे टोक झपाट्याने कुजते आणि नियंत्रण संच निकामी होऊ शकतो.

३. पाणी कोठपर्यंत आले होते, ती रेषा खडूने खुणावी किंवा मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. पुढील सर्व तपासणीचा आधार हीच रेषा असते. विम्याच्या दाव्यातही ती उपयोगी पडते.

४. वाहन ओढताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. एअर ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये टाकीतील हवा संपल्यास मागील चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि चाके फिरत नाहीत. अशा वेळी ओढणाऱ्या वाहनाकडून हवा द्यावी किंवा ब्रेक चेंबरवरील बोल्टने स्प्रिंग मागे घ्यावी. त्याआधी चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावणे अत्यावश्यक आहे, अन्यथा उतारावर ट्रक घरंगळेल.

५. माल दुसऱ्या वाहनात हलवण्याची व्यवस्था लगेच सुरू करावी. माल सुटला की ‘एकदा चालू करून पाहू’ हा मोहही सुटतो. नाशवंत मालाच्या बाबतीत इंजिन वाचवण्याचा हा सर्वांत व्यवहार्य उपाय आहे.

चालकाला विचारावयाचे प्रश्न

विस्तार कार्यकर्त्याने पुढील माहिती कागदावर नोंदवून मेकॅनिकच्या हाती द्यावी.

– पाण्यात शिरताना इंजिन चालू होते की वाहन उभे असताना पाणी चढले?
– इंजिन आचका देऊन एकदम थांबले की हळूहळू दम तोडत बंद पडले?
– बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारला? शेवटच्या वेळी आवाज कसा होता?
– वाहन किती वेळ पाण्यात होते?
– पाणी स्वच्छ होते, गाळाचे होते की खाडीचे खारे होते?
– वाहन कोणत्या वर्षाचे आहे? जुना यांत्रिक डिझेल पंप आहे की संगणक-नियंत्रित कॉमन रेल?

इंजिन एकदम थांबले असेल तर हवेच्या वाटेने पाणी शिरल्याची शंका प्रबळ ठरते. हळूहळू बंद पडले असेल तर डिझेलमधील पाणी किंवा विजेच्या जोडण्यांकडे आधी पाहावे. उभ्या वाहनात पाणी चढले असेल तर रॉड वाकण्याची शक्यता कमी असते, मात्र तेलात व सायलेन्सरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असू शकते.

पाण्याच्या चार वाटा

इंजिनात पाणी चार वाटांनी पोहोचते : हवा, तेल, डिझेल आणि वीज. तपासणीही याच क्रमाने करावी. एका वाटेचा निर्णय झाल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि चारही तपासल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

पहिली वाट : हवा

एअर फिल्टरचे झाकण उघडून आतील कागदी फिल्टर बाहेर काढावा. फिल्टर कोरडा आणि त्यामागील नळी स्वच्छ असेल तर या वाटेने पाणी गेले नाही असे बहुधा म्हणता येते. फिल्टर ओला असेल, आतल्या बाजूस गाळाचा माग दिसत असेल, तर टर्बो, इंटरकूलर आणि पुढे सिलिंडरपर्यंत पाणी पोहोचले आहे असे समजूनच काम करावे. ओला कागदी फिल्टर वाळवून पुन्हा बसवू नये. नवीनच घ्यावा.

मोठ्या ट्रकमध्ये हवेचे तोंड केबिनच्या मागे उंचावर असते, म्हणून चालक निर्धास्त राहतात. परंतु केबिन पुढे झुकवता यावे यासाठी या नळीच्या जोडावर रबरी भाग असतो. तो चिरलेला असेल तर पाणी तेथूनच ओढले जाते. फिल्टरच्या तळाशी धूळ बाहेर पडण्यासाठी असलेली रबरी झडप फाटलेली किंवा निघालेली असेल तर तीही पाण्याला वाट देते. छोट्या मालवाहू वाहनांत हवेचे तोंड बरेच खाली असल्याने त्यांना धोका अधिक असतो. इंटरकूलरच्या सर्वांत खालच्या नळीचा क्लॅम्प सोडून साठलेले पाणी काढून टाकावे.

यानंतर इंजिन हाताने फिरवून पाहावे. क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून किंवा फ्लायव्हील फिरवण्याच्या अवजाराने, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेऱ्या द्याव्यात. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा संपीडन टप्पा एकदा येऊन जातो. फिरवताना कोठे कठीण अडथळा लागला तर तेथेच थांबावे. जोर लावू नये.

अडथळा लागल्यास, किंवा फिल्टरच्या आत पाणी आढळल्यास, सर्व इंजेक्टर काढावेत. त्याआधी त्यांभोवतीचा गाळ स्वच्छ करावा, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडेल. कोणता इंजेक्टर कोणत्या सिलिंडरचा, याची खूण करावी. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक नियंत्रण संचात नोंदलेला असतो, म्हणून अदलाबदल चालत नाही. इंजेक्टर निघाल्यावर डिझेलचा पुरवठा बंद ठेवून इंजिन आधी हाताने फिरवावे. ते मोकळे फिरू लागल्यावरच बॅटरी जोडून सेल्फने काही सेकंद फिरवावे. पाणी छिद्रांतून जोरात उडते. त्या वेळी कोणीही इंजिनावर वाकून उभे राहू नये.

पाणी निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन तेल सोडून पुन्हा हाताने फिरवावे. ओल्या सिलिंडरच्या भिंतीवर गंज काही तासांतच धरू लागतो. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार असेल तर हे एवढे काम त्याच दिवशी उरकून घेणे फार मोलाचे ठरते. पुन्हा जोडताना इंजेक्टरखालील तांब्याचे वॉशर नवीन वापरावेत. काही इंजिनांत उच्च दाबाच्या नळ्याही एकदा सोडल्यावर बदलाव्या लागतात, म्हणून निर्मात्याची पुस्तिका पाहावी.

दुसरी वाट : तेल

डिपस्टिक काढून पाहावी. तेलाची पातळी नेहमीपेक्षा वर आली असेल किंवा तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. मात्र इंजिन बंदच राहिले असेल तर पाणी तेलात मिसळत नाही. ते जड असल्याने चेंबरच्या तळाशी बसते आणि डिपस्टिकवर तेल स्वच्छ दिसते. म्हणून वाहन समतल जागी काही तास उभे ठेवून चेंबरचा ड्रेन नट सावकाश ढिला करावा. पाणी असल्यास तेच आधी बाहेर येते.

शंका उरल्यास एक सोपी चाचणी करता येते. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. तेल शांतपणे पसरले तर ते कोरडे आहे; चरचर आवाज होऊन बुडबुडे फुटले तर त्यात पाणी आहे. चाचणी मोकळ्या जागेत, डोळे सांभाळून आणि डिझेलपासून दूर करावी. तो तवा पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

दुधाळ तेलाचे दुसरेही कारण असू शकते. हेड गॅस्केट फाटल्यास रेडिएटरचे पाणी तेलात उतरते. रेडिएटरची पातळी घटली नसेल तर तेलातील पाणी बाहेरून आले आहे. ती घटली असेल तर गॅस्केट व ऑइल कूलर तपासावेत. हा फरक न पाहता केवळ तेल बदलले तर आठवडाभरात तीच तक्रार पुन्हा येते.

पाणी आढळल्यास तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत. इंजिन सुरू झाल्यावर ते दहा-पंधरा मिनिटे केवळ आयडलवर चालवून तेल पुन्हा पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पुन्हा बदलावे. पहिल्या भरणीसाठी त्याच ग्रेडचे कमी किमतीचे तेल चालेल, परंतु डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन ‘धुण्याची’ जुनी सवय सोडावी. पातळ द्रवाचा थर बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही.

गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांचे हबही याच तत्त्वाने तपासावेत. चालून तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर किंवा सीलमधून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. पाण्याची रेषा यांच्या वर गेली असेल तर त्यांचे तेल व ग्रीस तपासल्याशिवाय ट्रक कामाला लावू नये.

तिसरी वाट : डिझेल

टाकीच्या झाकणातील हवेच्या छिद्रातून किंवा सैल झाकणातून पाणी टाकीत उतरते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी तळाशी राहते, आणि डिझेल खेचणारी नळीही तळाजवळच असते. टाकीच्या तळाच्या नटातून आणि डिझेल फिल्टरखालील ड्रेनमधून पारदर्शक बाटलीत नमुना घ्यावा व बाटली अर्धा तास स्थिर ठेवावी. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्यावी, नळ्या साफ कराव्यात आणि फिल्टर बदलावेत.

जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकमध्येही पाणी नुकसान करते, परंतु कॉमन रेल प्रणालीत ते अधिक महाग पडते. देशभरात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. या काळातील वाहनांत डिझेल साधारण १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने फवारले जाते. पंप व इंजेक्टरमधील सुटे भाग इतके जवळ बसवलेले असतात की त्यांना वंगण म्हणून फक्त डिझेलच असते. डिझेलऐवजी पाणी गेले की ते घासून निकामी होतात. म्हणून अशा वाहनात ‘थोडे पाणी आपोआप जळून जाईल’ असे समजू नये. चालू इंजिनात उच्च दाबाची नळी सैल करून हवा काढण्याचा जुना प्रकारही येथे करू नये; ती फवार त्वचेत शिरून गंभीर इजा करते.

बीएस-६ ट्रकमध्ये आणखी एक टाकी असते, ती धूर शुद्ध करणाऱ्या युरिया द्रवाची. हे द्रावण ३२.५ टक्के तीव्रतेचे आणि अतिशुद्ध असते. टाकीत पुराचे पाणी गेल्यास तीव्रता बिघडते, दिवा लागतो आणि काही काळाने इंजिनाची ताकद मर्यादित केली जाते. ही टाकी रिकामी करून प्रमाणित द्रवच भरावा. घरात खताचा युरिया आहे म्हणून तो पाण्यात विरघळवून ओतण्याचा मोह शेतकरी बंधूंनी कटाक्षाने टाळावा. खताच्या युरियावर कडुनिंबाचा लेप असतो आणि त्यात बाययुरेटसारखी अशुद्धी असते. त्यामुळे फवारणीचे तोंड व सायलेन्सरमधील महागडा उत्प्रेरक खराब होतो.

चौथी वाट : वीज

बॅटरी जोडण्यापूर्वी पाण्याच्या रेषेखालील सर्व जोडण्या उघडाव्यात. गाळ असल्यास स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, हवेने वाळवून, जोडण्या साफ करण्याचा स्प्रे वापरावा. उच्च दाबाच्या पाण्याने इंजिन धुतल्यास कोरड्या राहिलेल्या जोडण्यांतही पाणी शिरते. टोकावर हिरवट थर दिसल्यास तो कुजण्याचा पुरावा होय. सेल्फ व अल्टरनेटर पाण्यात बुडाले असतील तर ते उतरवून उघडावेत. गाळामुळे सेल्फचे दातचक्र फ्लायव्हीलमध्येच अडकून राहिले तर दोन्ही निकामी होतात. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तार लावून काम भागवू नये, कारण त्यातून आग लागू शकते.

पाणी खारे असेल, जसे कोकणात खाडीलगत होते, तर सर्व भाग त्वरित गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. मीठ राहिले तर ओलावा ओढत राहते आणि महिन्यांनंतरही दोष उद्भवतात.

चालू झाल्यावर दिसणारी लक्षणे व त्यांचा अर्थ

इंजिन फिरते, पण पेटत नाही : डिझेलमध्ये पाणी, नळीत हवा किंवा क्रँकच्या सेन्सरची ओली जोडणी. आधी डिझेलचा नमुना, मग जोडणी पाहावी.

पांढरा धूर : थोडा वेळ निघून थांबला तर सायलेन्सरमधील पाण्याची वाफ. थांबत नसेल आणि डोळ्यांना झोंबत असेल तर न जळलेले डिझेल. एखाद्या सिलिंडरचे संपीडन कमी झाले असावे. रेडिएटरचे पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केट.

काळा धूर व ताकद कमी : हवेची नळी सुटलेली, फिल्टर गाळाने भरलेला किंवा टर्बोच्या पात्यांना इजा.

इंजिन तापते : रेडिएटरच्या जाळीत गाळ. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने मारावे. अहिवारा-नंदिनी पट्ट्यात चुनखडीची धूळ जाळीवर आधीच बसलेली असते. ती ओली होऊन वाळली की घट्ट लेप धरते. त्याचप्रमाणे कन्हार, म्हणजे येथील भारी काळी माती, वाळल्यावर कठीण होते. म्हणून गाळ ओला असतानाच धुवावा. पाण्यात फिरताना पंख्याची पाती वाकून जाळीला घासली आहेत का, हेही पाहावे.

ठरावीक लयीत ठोका, एका सिलिंडरमध्ये संपीडन कमी : वाकलेल्या रॉडची शंका. रॉड वाकला की तो आखूड होतो आणि पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही. सर्व सिलिंडरचे संपीडन मोजून परस्परांशी तुलना करावी. एकाचे आकडे इतरांहून स्पष्टपणे कमी असतील तर इंजिन उघडणेच योग्य. असे इंजिन काही दिवस चालतेही, आणि मग भर लोडमध्ये रॉड तुटून ब्लॉकसह जाते. ‘चालते आहे ना’ या समाधानावर येथे विसंबू नये.

विमा व नोंदी

अनेक मोटार विमा पॉलिसींत पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नातून झालेली हानी ‘परिणामी नुकसान’ मानून नाकारली जाते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असेल तरच ती भरून मिळण्याची शक्यता असते. पावसाळ्यापूर्वीच पॉलिसी वाचून घ्यावी. घटना घडल्यावर छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीला लगेच कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी इंजिन उघडायचे असल्यास तिची लेखी संमती घ्यावी. काढलेले तेल व डिझेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे.

प्रतिबंध

जून महिन्याच्या आरंभीच हवेच्या नळीचे रबरी जोड, फिल्टरची खालची झडप, डिझेल टाकीचे झाकण आणि डिफरन्शियलचे ब्रीदर तपासावेत. यास एखादा तास पुरतो. अनोळखी पाण्यात वाहन घालण्यापूर्वी काठीने खोली पाहावी. स्थिर पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असल्यास जाऊ नये. जावेच लागल्यास पहिल्या गिअरमध्ये, एकसमान गतीने, मध्ये न थांबता जावे. वेगाने गेल्यास पुढे लाट उठून पाणी हवेच्या तोंडापर्यंत चढते. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र खोली मोजण्याचाही प्रयत्न करू नये. वाट पाहावी किंवा लांबचा मार्ग घ्यावा. माल संकलनाचे ठिकाण पावसाळ्यापुरते पक्क्या रस्त्यालगत, उंच भाटा जमिनीवर ठेवण्याचा निर्णय गावाने एकत्र बसून घेतला तर ट्रकला खाचरात उतरण्याची वेळच कमी येते.

सारांश

ग्रामीण भागात ट्रक हा बहुधा कर्जावर घेतलेला असतो. इंजिन महिनाभर उघडे पडले तरी हप्ता थांबत नाही आणि ऐन हंगामात शेजाऱ्यांचा मालही अडकतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या गावबैठकीत बियाणे व खतांच्या चर्चेसोबत चालकांनाही बोलवावे आणि पुढील बाबी त्यांच्याकडून वदवून घ्याव्यात : पाण्यात बंद पडले तर सेल्फ मारायचा नाही, बॅटरी सोडायची, पाण्याची रेषा खुणावायची, माल दुसऱ्या वाहनात हलवायचा, हवा, तेल, डिझेल व वीज या चार वाटा क्रमाने तपासायच्या, इंजिन आधी हाताने फिरवायचे. हा क्रम शक्यतो ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाला समोर दिसेल असा लिहून चिकटवावा.